एका बारशीची दोन नावं

गोठ्यात धार काढता काढता ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीला एकत्र बसून ऐकणाऱ्या, तुम्हा सगळ्यांना आमच्या गटाचा रामराम. दिवाळी तोंडावर आली आहे. अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो. गाय-वासराला ओवाळतो, घास देतो. त्या दिवशी आपल्यातल्या कितीतरी जणी गहू-मूग खात नाहीत, दूध-दह्याला हात लावत नाहीत, कारण त्या दिवसाचं दूध वासराचं. पण आपल्याच जुन्नर तालुक्यात, मढच्या पुढे डोंगराच्या अंगाला, याच दिवसाला दुसरं नाव आहे. तिथे म्हणतात वाघबारस. गेल्या दिवाळीला आमच्या गटाच्या आम्ही सात जणी ती वाघबारस करायला मढकडे गेलो होतो. तिथे काय पाहिलं आणि त्यामागचा इतिहास काय, ते आज सांगणार आहोत.

आधी हे सांगायला हवं की आम्हाला जावंसं का वाटलं. आम्ही कुकडीच्या कालव्याखालच्या गावातल्या. घराच्या तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. गोठ्यात संकरित गाई. आमच्यातल्या एकीची कालवड बिबट्यानं गोठ्यातून ओढून नेली. तेव्हापासून संध्याकाळी सहानंतर आम्ही पोरांना अंगणात सोडत नाही. पहाटे धारेला उठायचं तर हातात बॅटरी आणि काठी. त्या दिवसांत टोमॅटो तोडायला डोंगरातल्या बाया आल्या होत्या. त्यांच्यात एक आजी होत्या. आमचं रडगाणं ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही गाईची पूजा करता, ते बरंय. पण वाघाला कोण इचारतं तुमच्यात?" आम्हाला हसू आलं. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बारशीला या आमच्या वाडीला. मंग कळंल."

म्हणून आम्ही गेलो. आळेफाट्यावरून ओतूर, आणि ओतूर सोडलं की रस्ता माळशेज घाटाकडे चढायला लागतो. डोंगर जवळ येतात. एका बाजूला पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. मग मढ. आजूबाजूच्या वाड्यांना बाजारहाटाचं, दवाखान्याचं, एस.टी. धरण्याचं हे गाव. मढ हे जुनं ठाणं असणार, हे शेजारच्या गावाच्या नावावरूनच कळतं. त्या गावाचं नाव आहे पारगाव तर्फे मढ. तर्फ म्हणजे पूर्वीच्या काळी काही गावं मिळून केलेला महसुलाचा विभाग. म्हणजे मढच्या नावानं एक अख्खी तर्फ चालत होती. या तर्फेतल्या डोंगरवाड्यांवर बहुतेक वस्ती महादेव कोळी आदिवासींची. जुन्नर, आंबेगाव, खेड, तिकडे अकोले, इगतपुरी, अशा सगळ्या घाटमाथ्यावर हा समाज पिढ्यान् पिढ्या राहतो. भात, नागली, वरई पिकवायची, हिरडा वेचायचा आणि गुरं राखायची, असं त्यांचं जगणं.

गुरं म्हणजे आमच्यासारखी दावणीची दोन नव्हेत. इकडच्या पावसात संकरित गाय टिकणार नाही. या डोंगरांची खरी जात म्हणजे डांगी. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, मध्यम बांधा आणि चामडी तेलकट. त्या तेलकटपणामुळे पावसाचं पाणी अंगावरून निथळून जातं. चार महिने धो धो पावसात ही जनावरं चिखलात उभी राहून नांगर ओढतात. अकोले तालुक्यात राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. दूध मात्र थोडंच. मग ठेवायची कशाला? आजींनी बोटं मोडून सांगितलं. भाताच्या खाचरात चिखलणी करायला बैल. रोप टाकायच्या आधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतात, त्याला शेण. चुलीला गोवरी. पोराला दूध. अडीनडीला विकायला गोऱ्हा. म्हणजे शेत, चूल, लेकरू आणि पतपेढी, हे सगळं त्या गोठ्यातच.

आता सणाचं सांगतो. सकाळीच वाडीतले गुराखी आणि पोरं घरोघर फिरली. कुणी तांब्याभर दूध दिलं, कुणी ओंजळभर तांदूळ, कुणी गुळाचा खडा. ज्याच्याकडे गाय नाही त्याच्याकडूनही तांदूळ घेतले, कुणाचं दार वगळलं नाही. मग सगळे शिवेवरच्या वाघोबाला गेले. देऊळ म्हणाल तर देऊळ नाही. झाडाखाली एक उभा दगड. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या शेंदराचा थर. तिथेच तीन दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात खीर शिजवली. आमच्याकडे त्या दिवशी दूध शिवायचंही नाही आणि इथे गावभरच्या दुधाची खीर वाघाला! आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पण जरा विचार केल्यावर वाटलं, दोन्ही रीती एकच गोष्ट सांगतात. आजचं दूध आपलं नाही. आम्ही म्हणतो ते वासराचं. त्या म्हणतात, वासरू जिवंत राहिलं ते ज्यानं सोडलं त्याचं.

नैवेद्य झाला आणि मग खरी गंमत. एक पोरगा वाघ झाला. अंगाला राख, त्यावर कोळशाचे पट्टे, कमरेला गवताची शेपटी. दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. त्यांना मध्ये घेऊन बाकीच्यांनी दरडावून विचारलं, आमच्या शिवारात परत येशील का? आमच्या गुरांना हात लावशील का? वाघ गुरगुरला, मग मान हलवून नाही नाही म्हणाला. आरडाओरडा करत सगळ्यांनी त्याला शिवेपर्यंत पळवत नेलं. शीव आली तसे सगळे थांबले. कुणी पुढे पाऊल टाकलं नाही. वाघ पलीकडे, माणसं अलीकडे. मग तोच वाघ हसत परत आला आणि खिरीच्या पंगतीला बसला.

आम्ही आजींना विचारलं, "शिवेवर का थांबले?" त्या म्हणाल्या, "तिथून पुढं त्याचं रान. हाकलायचा, मारायचा न्हाई. मारला तं पुढच्या साली इचारायचं कोणाला?"

संध्याकाळी गुरं घरी आली. गोठ्यात दिवे लागले. गुराखी पोरं हातात गवताच्या काड्यांनी गुंफलेला दिवा घेऊन दारोदार गेली, गाणी म्हणत, गाई-म्हशींना ओवाळत. दारादारात त्यांच्या झोळीत धान्य पडलं. डोंगरातली दिवाळी इथूनच सुरू होते. वर्षभर ज्यांनी ऊन-पाऊस अंगावर घेऊन गुरं राखली, त्या पोरांचा मान पहिल्या दिवशी. आम्ही नागलीची भाकर आणि खीर खाऊन आजींच्या ओसरीवर बसलो आणि मग बोलणं जुन्या काळावर गेलं.

मैत्रिणींनो, जुन्या काळाचं म्हणाल तर या भागात गुरांचा हिशेब दगडावर कोरलेला आहे. नाणेघाट आपल्याच तालुक्यात. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरहून कोकणात उतरायचा हा व्यापाराचा मार्ग. घाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण अजून आहे आणि शेजारी एक लेणं. त्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेनं मोठा लेख कोरून घेतला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. राणीनं आणि तिच्या पतीनं, सातकर्णी राजानं, कोणकोणते यज्ञ केले आणि काय काय दक्षिणा दिली, त्याची ती यादी आहे. गाई हजारांनी दिल्या आहेत, घोडे आहेत, हत्तीसुद्धा आहेत. एका यज्ञाला सतराशे गाई आणि दहा हत्ती, असे आकडे अभ्यासकांनी वाचले आहेत. भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज त्या मूर्तींची फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं उरली आहेत.

एका बाईनं आपल्या घराण्याचा हिशेब दगडावर लिहून ठेवला, याचा आम्हाला अभिमान आहे. शाळेच्या सहलीला पोरांना तिथे जरूर न्या. पण त्या ओसरीवर बसून आमच्या मनात आलं, त्या सतराशे गाई राखल्या कुणी? पावसात त्यांच्या खुरांत जखमा झाल्या तेव्हा औषधपाला कुणी लावला? त्यांच्या वासरांवर रात्री वाघ आला तेव्हा मशाल घेऊन कोण धावलं? लेखात देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचा उल्लेख आहे, राखणाऱ्याचा नाही. राखणाऱ्यांनी आपला इतिहास दगडावर लिहिला नाही. त्यांनी तो सणात ठेवला. शेंदराचा दगड, खिरीचं पातेलं आणि शिवेवर थांबलेली पोरं, हे त्यांचं कागदपत्र. ते दरवर्षी नव्यानं वाचलं जातं.

त्या कागदपत्रात लिहिलेला करार साधा आहे. गाव आपल्या शिवेत राहील, वाघ आपल्या रानात. कधी तो एखादं जनावर नेईल, कधी आपण त्याला हाकलू. पण दोघांनाही जागा आहे. हा करार मोडला कसा, तेही समजून घेऊ. कारण तो वाघानं मोडला नाही.

पहिला घाव इंग्रजांच्या राज्यात बसला. वाघ-बिबट्या मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं, आणि साहेब लोक शिकारीला यायचे ते वेगळंच. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून हिशेब मांडला आहे. आपल्या डोंगरातला पट्टेरी वाघ आज नाही. आपण सगळेच बिबट्याला वाघ म्हणतो, पण ज्या वाघाचं चित्र वाघोबाच्या दगडावर आहे तो गेला. दुसरा घाव रानावर. १८७८ मध्ये वनकायदा आला. सरकारनं जंगलं राखीव केली. काल जिथे गुरं चरत होती तिथे चराईची फी, लाकूडफाट्याला बंदी, मोडलं तर दंड. त्याच दशकात सावकारी जाचानं हे डोंगर पेटले होते. आंबेगावच्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला तो याच काळात, आणि १८७६ मध्ये पकडला गेला. कर्ज आणि कायदा, दोन्हीकडून डोंगरातलं माणूस दाबलं गेलं.

तिसरा घाव आपल्या जवळचा. तो सांगताना आम्हाला जरा अवघड वाटतं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. पूर्वेकडच्या दुष्काळी गावांना पाणी मिळावं म्हणून ती बांधली. पाणी आलं. आमच्या सासूबाईंच्या काळात बाजरी आणि मठ एवढंच यायचं, तिथे ऊस, द्राक्षं, टोमॅटो उभे राहिले. साखर कारखाने आले. आमची पोरं शिकली ती त्या पाण्यावर. पण ते पाणी साठलं कुठे? डोंगरातल्या खोऱ्यांत. तळातली चांगली भातखाचरं, नदीकाठची कुरणं पाण्याखाली गेली. डिंभ्याच्या पाण्यात तर ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगावच बुडालं. आजी म्हणाल्या, "पाणी आमच्या दारात, पण घागर घेऊन उतरावं लागतं. कालवा तुमच्याकडं." त्यात राग नव्हता. आहे ते सांगितलं इतकंच. आम्ही सात जणी गप्प बसलो.

आणि चौथा घाव त्या उसातून आला. ऊस म्हणजे बिबट्याला आयतं रान. वर्षभर उभा, दाट, आत गारवा, पाणी जवळ. कुत्री, डुकरं, शेळ्या आजूबाजूला. बिबट्याच्या माद्या उसात विऊ लागल्या. आज तुम्हाला माहीतच आहे, तोडणीच्या वेळी उसात पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले लोक ती पिल्लं आईला परत भेटवण्याची खटपट करतात. उसात जन्मलेल्या त्या पिल्लाला डोंगर माहीतच नाही. त्याचं घर ऊस.

२००१ च्या सुमारास आपल्या जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूर जंगलात सोडायला सुरुवात झाली. लोकांचीच मागणी होती, आणि ती का होती ते ज्यांच्या घरचं लेकरू गेलं त्यांना विचारावं. पण परिणाम उलटा झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर ते वर्षाला सतरा झाले. ओळखीच्या शिवारातून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलेलं जनावर बिथरतं, आणि माणसांशी त्याची गाठ वाईट पडते. आम्ही हे वाचून दाखवलं तेव्हा आजींनी विचारलं, "हे कळायला त्यांना किती वर्षं लागली?" मग स्वतःच म्हणाल्या, "शीव माहीत नसलेला वाघ लई वाईट."

मैत्रिणींनो, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खीर ठेवली म्हणून बिबट्या येत नाही, असं आम्ही म्हणत नाही. वाडीतलं कुणीही तसं म्हणत नव्हतं. तिथेही शेळ्या जातात. मग वाघबारशीनं होतं काय? आम्ही पाहिलं ते असं. खीर शिजेपर्यंत दोन-तीन तास सगळी वाडी एका जागी बसली होती आणि बोलणं गुरांचंच चाललं होतं. कुणाच्या गोठ्याचं दार मोडलंय. कोणत्या ओढ्याला वाघाचा माग दिसला. आता थंडीत गुरं कुठल्या बाजूला न्यायची, एकटं पोर कुणाबरोबर धाडायचं. पंगत उठायच्या आत दोन गोठ्यांच्या दुरुस्तीला कोण हात लावणार ते ठरलंही. आमच्या गावात बिबट्याची चर्चा होते ती कुणी मेल्यावर, आणि ती भांडणाचीच असते. वर्षातून एक दिवस, काही वाईट घडलेलं नसताना, सगळ्यांनी मिळून वाघाचा विचार करायचा, हे आमच्याकडे नाहीच.

पण डोंगरातही सगळं ठीक आहे असं समजू नका. वाघ झालेला तो पोरगा आश्रमशाळेत शिकतो, सुट्टीला घरी आला होता. त्याला विचारलं, गुरांकडे जातोस का? म्हणाला, "न्हाई, मला भ्या वाटतं." त्याच्या घरी आजोबांच्या वेळी वीस-बावीस जनावरं होती. आता एक बैलजोडी आणि एक गाय. पुष्कळ घरांत तीही नाही. चिखलणीला पॉवर टिलर भाड्यानं आणतात. गुराख्याला पोर नाही, कुरण पाण्याखाली, रानात जायचं तर अडवणूक. खिरीला दूध कमी पडलं तेव्हा मढहून पिशवीचं दूध आणलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आजींनी ती पिशवी पातेल्यात रिकामी केली आणि म्हणाल्या, "वाघ्याला चव कळंल का गं?" सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात थोडं पाणी होतं.

जनावराचं काम संपलं की त्या जनावराच्या सणाचं काय होतं, हा प्रश्न फक्त मढचा नाही. थायलंड आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या डोंगरात कॅरेन नावाचे लोक राहतात. आपण गाई राखतो तसे ते पिढ्यान् पिढ्या हत्ती राखतात. त्यांचे हत्ती जंगलातून सागाचे ओंडके ओढायचे. १९८८ मध्ये तिथे मोठे पूर आले, डोंगर खचले, माणसं मेली. जंगलतोड हे त्याचं कारण ठरलं आणि १९८९ मध्ये सरकारनं लाकूडतोडीवर बंदी घातली. जंगलासाठी चांगलं झालं, पण हत्ती एका दिवसात बेकार झाले. त्यांना पोसायला माहुतांनी शहराजवळच्या पर्यटन छावण्यांत नेलं. पुढे २०२० मध्ये करोना आला, पर्यटक थांबले, खायला घालायला पैसा उरला नाही. तेव्हा शंभरावर हत्ती आणि त्यांचे माहूत कित्येक मैल चालत डोंगरातल्या आपल्या कॅरेन गावांना परत गेले. गावकऱ्यांनी त्यांचं स्वागत केलं. काही गावांत कित्येक वर्षांनी हत्ती आला होता.

आम्ही ही गोष्ट आजींना सांगितली. त्यांनी हत्ती कधी जवळून पाहिलेला नाही. पण त्यांना गोष्ट लगेच समजली. म्हणाल्या, "कामाला लागत न्हाई म्हणून घरचं जनावर परकं व्हतं का? पण चारा पायजे ना बाय. परत आलं तं त्याला चारा पायजे." आम्हाला वाटतं, सगळ्या अहवालांचं सार या एका वाक्यात आलं. सण टिकवायचा तर गाय टिकवावी लागेल, आणि गाय टिकवायची तर कुरण लागेल. रान मोकळं नसेल तर वाघबारस हे फक्त नाटक उरेल, शाळेच्या गॅदरिंगमधलं.

त्या चाऱ्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००६ चा वनहक्क कायदा चराईला हक्क मानतो. जी फी आणि दंड १८७८ नंतर मागे लागले, तीच चराई या कायद्यात गावाच्या सामूहिक हक्कांत लिहिली आहे. हा दावा ग्रामसभेतून करायचा असतो. दाव्याला पुरावा लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांची साक्ष हाही पुरावा धरला जातो. आमचे वाडवडील कुठे गुरं चारत होते, पाणवठा कुठला, वाघोबाचा दगड कुठल्या शिवेवर. म्हणजे आजींच्या तोंडी असलेला इतिहास निव्वळ गप्पा नाहीत. कायद्याच्या दारात त्याला किंमत आहे. डोंगरातल्या बहिणींनो, तुमच्या गटाच्या बैठकीत एक दिवस बचतीचा हिशेब बाजूला ठेवा आणि हा हिशेब लिहून काढा. गावात सगळ्यात म्हाताऱ्या तीन बायांना बोलवा. त्यांना विचारा, लग्न होऊन आलात तेव्हा दावणीला किती जनावरं होती, कुठे चरायची, कुणी राखायची. तारीख घाला, अंगठे घ्या.

आणि खालच्या, आमच्यासारख्या पाण्याखालच्या गावातल्या बहिणींनो, आपलंही काम आहे. परत येताना गाडीत आम्ही सात जणींनी तीन गोष्टी ठरवल्या आणि या वर्षी त्या केल्या. एक, वसुबारशीच्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या गोठ्यांवरून एकत्र फिरायचं. ज्या गोठ्याला दार नाही, जाळी नाही, तिथे पहिल्यांदा गटातून मदत करायची. दोन, पहाटे-संध्याकाळी उसाच्या कडेला कुणीही बाई एकटी बसायला किंवा गवत कापायला जाणार नाही. वाकलेलं, बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतं. त्यासाठी दोन-दोन, तीन-तीन जणींच्या जोड्या लावल्या. तीन, बिबट्या दिसला किंवा जनावर गेलं तर आरडाओरडा करून गर्दी जमवायची नाही. लगेच वनखात्याच्या १९२६ या नंबरावर कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही, म्हणजे भरपाई अडकत नाही.

एक चौथी गोष्ट ठरवलेली नव्हती, ती आपोआप घडली. आमच्या गावाच्या जुन्या शिवेवर, कालव्याच्या भरावाला लागून, शेंदूर उडालेला एक दगड आहे. आम्ही सगळ्या तो म्हसोबा समजून पुढे जायचो. आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाई नव्वदीच्या आहेत. त्यांना मढची हकीगत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तो वाघोबाच आहे. आमच्या लहानपणी बारशीला तिथं नारळ फोडायचे. कालवा झाला, गुरं गेली, मग कोण जातंय." आम्ही दुसऱ्या दिवशी दगडाभोवतीचं गवत काढलं. धुतल्यावर पुसट झालेली चार पावलं आणि एक लांब शेपटी दिसली.

म्हणजे करार आमच्याकडेही होता. आम्हीच विसरलो.

या बारशीला गाईला ओवाळून झालं की आम्ही त्या दगडाशी जमणार आहोत. मढच्या आजींना निरोप धाडला आहे, त्या येणार आहेत. खीर आम्ही करणार, वाघ मात्र त्यांच्या वाडीचा पोरगा होणार, कारण आमच्या पोरांना अजून शिवेवर थांबता येत नाही. ते शिकवायला त्यालाच बोलावलं आहे.

तुमच्या गावाच्या शिवेवर असा एखादा दगड आहे का, घरातल्या म्हाताऱ्या बाईला आज रात्री जेवताना विचारा. काय कळलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भेटीत तुमच्या हकीगती वाचून दाखवू. तोवर गोठ्याचं दार नीट लावा आणि लेकरांना जवळ घेऊन झोपा. दिवाळीच्या शुभेच्छा. रामराम.